ज्याच्या खिशात फ्यूज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये थांबवू नका. मी वायरमन माणूस. वीज दिसत नाही पण असते, एवढ्या एकाच न दिसणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास होता. भुताखेतांच्या गप्पा मी चहाबरोबर ऐकत आलो आणि चहाबरोबरच गिळून टाकत आलो.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. डोणगावच्या बाजूला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तेलाचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली होती आणि तिचं वायरिंग माझ्या गळ्यात होतं. कापसाचा हंगाम ऐन भरात. मालक दिवसातून दहादा येऊन विचारायचा, झालं का, झालं का. जसं काही मी तिथं पापड लाटत होतो.

जिनाच्या जमिनीखाली लांबलचक बोगदा असतो. त्यात लोखंडी शाफ्ट फिरतो आणि त्यावरचे पट्टे वरची सगळी यंत्रं चालवतात. मोटर मात्र बाजूच्या खोलीत. खोलीतल्याला बोगदा दिसत नाही, बोगद्यातल्याला खोली दिसत नाही. दोघांमध्ये बोलणं म्हणजे एक घंटी. खाली बटण दाबलं की ती खोलीत वाजायची. तिची तार मी त्याच सकाळी जोडली होती.

आणि एक रीत होती. जो खाली उतरेल त्याने मोटरच्या खोलीतल्या बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपसून आपल्या खिशात घालायचे, आणि वर आल्यावर आपल्याच हाताने परत द्यायचे. रुईच्या धुळीत सगळेच नखशिखांत पांढरे, तोंडाला फडकी बांधलेली. तोंड कोण बघतो? आम्ही फ्यूज बघायचो.

त्या दुपारी पट्टा तुटला. मजूर जेवायला पांगले आणि फिटर गुलाबराव पट्टा शिवायला खाली निघाला. त्याची बायको विमलबाई भाकरी घेऊन कडुनिंबाखाली बसली होती.

"भाऊ, तुमची घंटी वाजते ना? का नुसतीच टांगून ठेवली?" फ्यूज खिशात घालत तो म्हणाला.

"तू उतर तर खाली बे. मग कळंन."

तो हसला आणि उतरला. मी बोर्डाचे स्क्रू आवळत राहिलो. एवढा मोठा जिन बंद पडला की कसा वाटतो, सांगता येत नाही. रुईचे कण हवेत तरंगत होते. बोगद्याच्या तोंडातून सरकीचा आणि जुन्या वंगणाचा वास येत होता. खालून पट्ट्यावर ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मला उगीचच अस्वस्थ वाटायला लागलं.

थोड्या वेळाने तो वर आला. पांढराफटक, तोंडाला फडकं. त्याने माझ्या हातावर तिन्ही फ्यूज ठेवले आणि कडुनिंबाकडे निघून गेला. भूक लागली असेल, असं मला वाटलं. तो जेवतोय तोवर मी राहिलेली जोडणी उरकली. मग फ्यूज बसवले आणि हँडल ओढलं.

मोटर घुरघुरली. आणि घंटी वाजली.

एकदा नाही. कुणीतरी बटण दाबून धरल्यासारखी, न थांबता, कान फाडत. हँडल पाडलं आणि बॅटरी घेऊन तसाच बोगद्यात धावलो. शाफ्ट अजून गरगरत होता आणि त्याच्याभोवती सदऱ्याची एक बाही गुंडाळली गेली होती. गुलाबराव भिंतीला चिकटून बसला होता. दंड सोलून निघाला होता, बोट अजून बटणावर होतं.

"भाऊ... चालू काऊन केली?"

"तूच तर फ्यूज आणून दिले..."

"मी कवा? मी तं वर आलोच नाही."

त्याने खिसा चाचपला आणि फ्यूज बाहेर काढले. तिन्ही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्या फ्यूजांकडे. बोर्डावरची तिन्ही घरं भरलेली होती. मीच भरली होती ती.

आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून वर आलो. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. कडुनिंबाखाली विमलबाई रिकाम्या टोपल्यावर फडकं बांधत होती.

"वहिनी, याले आधी पाणी द्या. मग भाकर."

"आता कायची भाकर?" ती म्हणाली. "आत्ताच तं जेवून परत खाली गेले. तोंडावरचं फडकं बी धड काढलं नाही." तेवढ्यात तिला दंड दिसला. "अगं माय... हे काय झालं?"

गुलाबरावने रिकाम्या टोपल्याकडे बघितलं. "मी... जेवलो?"

"हाव. सगळं खाल्लं अन् तरी उपाशीच." ती पदराने रक्त टिपायला लागली. "जाता जाता तुमीच म्हनले ना, उद्यापासून दोघाच्या भाकरी आनजो..."