उलट्या पावलांचा शॉट

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी गाण्याचा व्हिडिओ करायचा होता, आणि धाकटीने गाणं निवडलं ते ताईचं. ताईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे वर्गात कोणी नाक मुरडलं नाही. गाणं ताईनेच रचलेलं, फोनवर तिनेच म्हणून ठेवलेलं, आणि अर्धवट. शेवटचं कडवं तिने कधी म्हटलंच नाही. कॉलेजच्या जुन्या वसतिगृहात, बोळाच्या टोकाला वळलं की जी खोली लागते, तिथे एका दुपारी ती तापात गेली. आई पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"तिने मला हाक मारली असेल गं," आई म्हणायची, दिवसातून कितीदा तरी म्हणायची. धाकटी ऐकून घ्यायची. तिला आता आईशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि ही आई तिच्या डोळ्यांदेखत झिजत चालली होती. निदान गाणं नीट झालं तर आईला बरं वाटेल, एवढाच तिचा हिशेब होता.

व्हिडिओची युक्ती साधी, पण जिवावर येणारी. स्पीकरवर गाणं उलटं लावायचं. वर्गातल्या एका मैत्रिणीने ताईचा निळा ड्रेस घालून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, पाठ केलेले उलटे शब्द ओठांनी म्हणायचे आणि कॅमेऱ्याकडे बघत बघत मागे जायचं, वसतिगृहाच्या त्याच बोळातून पार वळणाआड. मग चित्र उलटं फिरवलं की ती बोळातून पुढे चालत येते, ओठ बरोबर जुळतात, आणि तिने वाटेत टाकलेली पिसं जमिनीवरून उडून तिच्या हातात येतात. गाणं अर्धवट, म्हणून शेवटी ती कॅमेऱ्याजवळ येऊन नुसती गप्प उभी राहणार होती. म्हणजे शूटिंगच्या वेळी ही शांतता सगळ्यात आधी घ्यायची.

"उलट्या पावलांची हिरॉईन," कॅमेरावाला म्हणाला. "बघा हं, अंधारात ओळख दाखवू नका."

कोणी हसलं नाही. बोळात ओल्या चुन्याचा वास भरला होता आणि भर दुपारी हात गार पडत होते. कॅमेरा सुरू झाला. शांततेतच मैत्रिणीचे ओठ हलायला लागले.

"ओठ मिट ना," धाकटी कुजबुजली.

"थंडी वाजतेय गं… माझं मलाच आवरत नाहीये."

भिंतीतल्या नळातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. जुनी इमारत, जुने नळ. त्यांनी तसाच शॉट उरकला.

दुसऱ्या दिवशी एडिटिंगच्या खोलीत धाकटी एकटीच बसली. कॅमेरा आपल्यापुरता जो कच्चा आवाज धरतो, तो ओठ जुळवून झाले की काढून टाकायचा असतो. ती विसरली. उलटं फिरवल्यावर साहजिकच सगळ्यांच्या बोलण्याचा चुथडा झाला होता, कॅमेरावाल्याच्या विनोदांचाही, त्यात फारसं नुकसान नव्हतं. ताईचं गाणं मात्र सुलटं झालं. मैत्रीण पुढे आली, गाणं तुटलं, शांतता सुरू झाली.

आणि त्या शांततेत ताई गात राहिली.

"थकलीस तर बस इथे, पावलं तुझी दे मला… तुझ्या वाटेने घरी मी…"

मैत्रिणीचे ओठ अक्षरन् अक्षर जुळत होते. पुढचं काही नव्हतं. तिथे कॅमेरा सुरू झाला होता.

हे आईला दाखवायचं नाही, असं धाकटीने ठरवलं. संध्याकाळी आईने नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं काढून घेतलं. तो तुकडा तिने दोनदा ऐकला.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "या वेळी कॅमेरा जरा आधी सुरू करा."

मैत्रिणीने साफ नकार दिला. "मला त्या ड्रेसमध्ये परत उभी करू नका. त्या दिवसापासून पाय माझे वाटत नाहीत."

"मग मी राहते उभी," आई म्हणाली.

"आई, ती पावलं मागतेय. ऐकलंस ना?"

"आयुष्यात कधी हट्ट केला नाही तिने. आता मागतेय, तर मी नाही म्हणू?"

आईला अडवायला हवं होतं हे धाकटीला तेव्हाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर ते कडवं तिलाही हवं होतं.

आभाळ भरून आलेल्या एका दुपारी आई बोळात उभी राहिली. ओठ थरथरले, नळ कण्हले. गाणं सुरू झालं तशी ती मागे निघाली. घरात उंबऱ्याला अडखळणारी बाई एकदाही मागे न बघता वळणाआड गेली. गाणं संपलं. मग वळणापलीकडून काहीतरी अस्पष्ट, तुटक ऐकू आलं.

"रडतायत," कॅमेरावाला हळूच म्हणाला, आणि त्याने कॅमेरा तसाच चालू ठेवला. थोड्या वेळाने तेही थांबलं.

आई बाहेर आली ती झपझप चालत. चेहरा कसा धुऊन काढल्यासारखा. "झालं ना? आत्ताच बघू या."

एडिटिंगच्या खोलीत ती धाकटीच्या खुर्चीमागे उभी राहिली. धाकटीने शॉट उलटा लावला. उलट लावल्यावर शेवटचं आधी येतं. पडद्यावर रिकामा बोळ दिसला. वळणाआडून आवाज आला. ते रडणं नव्हतं. आता तो सुलटा झाला होता, आणि तो आईचा होता.

"बाळा, जाऊ नकोस गं… थांब… मी अजून बाहेर आले नाही."

धाकटीने तुकडा थांबवला. मागून आई वाकली.

"कोण गं ही बाई?" तिने विचारलं.

आपल्या कानांचीच चूक असेल म्हणून धाकटीने तो तुकडा पुन्हा लावला. तोच बोळ, तेच शब्द. पण आवाज मघापेक्षा लांबून आला. तिने आवाज पार वर नेला आणि परत लावला. या वेळी नुसतं "बाळा" तेवढं कळलं, तेही ती कान लावून बसली होती म्हणून.

तिने बटणावरून बोट उचललं. पुन्हा लावायची तिची छाती होईना.

"बंद कर ते," खांद्यावर हात ठेवत आई म्हणाली. "चल, घरी जाऊ."