परत आलेल्या मेलला ओ

खोटं वाटेल त्यानं आष्टीला जाऊन माझ्या मावसभावाला, कल्याणला, विचारावं.

गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. भर दुपार होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

कल्याण घरबसल्या मोसंबीवाल्या शेतकऱ्यांचा ईमेल गट सांभाळतो. त्या दिवशी कुण्या भामट्यानं गटाचा पत्ता वापरून जगभर फालतू मेल सोडले होते. जे पोचले नाहीत, ते बाउन्स होऊन, म्हणजे उलटे फिरून, याच्या सर्व्हरवर आदळत होते. हजारोंनी! बाउन्समध्ये पाठवणाऱ्याची जागा कोरी असते. म्हणून कल्याणनं फिल्टर लावला. जागा कोरी, तर मेल कचऱ्यात.

सगळे गेले.

एक राहिला...

पाठवणारा कोरा. आत कोरं. विषयात एकच शब्द.

दैवशाला.

त्याच्या बायकोचं नाव! गटात ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं मेल पुसला.

पुन्हा आला...

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दैवशालानं विचारलं, "अहो, मला आवाज दिला का?"

"न्हाई."

"मंग परसातून कोण बोलवून राह्यलं?"

ओसरीवर मावशी शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला. "ओ देऊ नको, बाई! माणूस दिसल्याबिगर ओ द्यायची न्हाई. त्याला तेवढीच पाहिजे असती."

दैवशालानं तोंडावर पदर दाबला. ओ दिली नाही.

कल्याण हसणार होता. शिकलेला गडी. पण एकदम त्याला सकाळचं आठवलं.

सर्व्हर चालतोय का बघायला त्यानं एक गंमत करून ठेवली होती. मेल आला की आपोआप एका शब्दाचं उत्तर जायचं. "ओ." फिल्टरनं गाळलेल्यांना ते जात नव्हतं. हा मेल मात्र गाळला गेलाच नव्हता. बाउन्सला उत्तर पाठवू नये, हा या कामातला पहिला धडा. घाईत ते बंद करायचंच राहिलं.

त्यानं पाठवलेले मेल उघडले.

"ओ."

"ओ."

पत्ता कोरा. असे मेल जातच नाहीत. गेले तरी परत येतात.

हे परत आले नव्हते...

"थांबला आवाज," दैवशाला आतून म्हणाली.

त्याला वर्ष झालं. दैवशाला खाते, पिते, कामाला वाघीण आहे. गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा माझ्यासमोर बसून मेथी निवडत होती. कल्याणनं सवयीनं हाक मारली, "दैवशाला!"

तिनं मान वर केली नाही.

ओ आली...

परसातून. तिच्याच आवाजात.

मी कल्याणकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. मावशीनं माझा हात घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, "आपली कोणची रे, बाबा? ही का ती?"

मी चहा तसाच सोडून उठलो. निघताना 'येतो' म्हणायची हिंमत झाली नाही.