बेडकांचे डावे गाल

"पुन्हा!" रेडिओ दारातूनच ओरडला. "ढेकूळ, आज ढोलवाला गेला! डाव्या गालापासून पार पोटापर्यंत!"

ढेकूळ हातातली पिशवी तिथेच टाकून धावली. कलाकेंद्राच्या मागच्या अंगाला, मातीवर्गाला लागून एक अरुंद खोली होती. तिला सगळे वाळवणाची खोली म्हणत. भिंतभर लाकडी फळ्या, फळ्यांवर ओल्या मातीच्या वस्तू आणि त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद. सगळ्यांत वरच्या फळीवर ढेकूळचा बेडकांचा वाद्यवृंद बसला होता. काल त्यातला पिपाणीवाला तडकला, परवा गायिका तडकली आणि आज ढोलवाला.

सुट्टी लागल्यापासून ढेकूळ या बेडकांच्या मागे होती. शाळेत चित्रकलेत तिला कधी शाबासकी मिळाली नव्हती, पण माती तिच्या हातात आली की माती शहाणी व्हायची. म्हणून तर तिचं नाव ढेकूळ पडलं! आठवड्याअखेरीस केंद्राचं प्रदर्शन होतं आणि त्याआधी भट्टी एकदाच पेटणार होती. तडकलेली वस्तू मातीवर्गाच्या बाई भट्टीत ठेवत नसत. ती आत फुटली, तर शेजारच्यांनाही घेऊन जाईल, असं त्यांचं म्हणणं.

"हवा राहिली असणार आत," बाई मागून म्हणाल्या. "किती वेळा सांगू, माती नीट मळायची!"

"मळली होती, बाई! हात दुखेपर्यंत मळली होती."

"मग प्लास्टिक उचलून बघता तुम्ही. हे बघ, एका बाजूने सरकलंय. माती सावकाश वाळली पाहिजे. उघडी पडली की तडकणारच."

"आम्ही हात लावला नाही!" ढेकूळ, रेडिओ आणि स्क्रू एका सुरात म्हणाले.

रेडिओ हा ढेकूळचा मावसभाऊ. तोंड मिटणं त्याला जमत नसे. स्क्रू ही शेजारची मुलगी. दिसेल ती वस्तू उघडून बघायची तिला खोड, आणि खिशात कायम छोटा पेचकस. आणि या तिघांच्या मागे सदैव रेडिओची धाकटी बहीण. तिला शेपूट म्हणत, हे सांगायलाच नको.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" रेडिओ पुटपुटला.

बाईंनी ते ऐकलं आणि झालं! "आजपासून खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि केंद्राचे साहेब काय म्हणालेत ते ऐकून ठेवा. मुलांच्या वस्तू अशाच मोडणार असतील, तर प्रदर्शनातली त्यांची जागा मोठ्यांच्या छायाचित्रांना देऊन टाकू म्हणालेत. पुढच्या सुट्टीत मुलांचा मातीवर्गही नको म्हणतायत. मी कुठवर भांडू त्यांच्याशी?"

राग आला की ढेकूळला रडू यायचं आणि रडू आलं की आणखी राग यायचा. ती मोडका ढोलवाला हातात घेऊन नुसती बघत राहिली.

"ताई, त्याला पीस फुटलंय," शेपूट म्हणाली.

खरंच, बेडकाच्या ओलसर पाठीवर एक बारीक पांढरं पीस चिकटलं होतं.

"बेडकाची कोंबडी होतेय!" रेडिओ हसला. दुसरं कुणीच हसलं नाही.

ढेकूळने पीस काढून टाकलं आणि एकदम थबकली. "सगळे डाव्या गालावरच का तडकतात रे? माती वाईट असती तर कुठेही तडकली असती ना?"

"बाई!" स्क्रूने हाक मारली. "आज बासरीवाल्याला तोंड भिंतीकडे करून ठेवाल? एवढंच करा!"

"काय हे खूळ!" म्हणत का होईना, बाईंनी बासरीवाल्याला पाठमोरा बसवला, कागद घातला आणि कुलूप लावलं. कुलूप दोनदा ओढूनही बघितलं. मुलांवर विश्वास नसला की मोठी माणसं कुलपं फार चांगली लावतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं. कागद एका बाजूला सरकला होता आणि बासरीवाला तडकला होता. उजव्या गालावर!

"बघा!" ढेकूळ ओरडली. "बेडूक फिरवला तर भेगही फिरली! म्हणजे त्या बाजूने काहीतरी येतंय! आणि खोलीला तर कुलूप होतं!"

"उजवा गाल पातळ झाला असेल तुझ्याकडून," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. भट्टी, प्रदर्शन, साहेब, सगळं त्यांच्याच डोक्यावर. "ढेकूळ, चूक मान्य करायला शिक गं."

ढेकूळने दात आवळले आणि खोलीच्या त्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. वरच्या फळीच्या टोकाशी, छताला लागून एक झरोका होता. लोखंडी जाळी बसवलेला, टोपलीएवढा.

"या भिंतीपलीकडे काय आहे?" तिने हळूच विचारलं.

स्क्रूने बोटाने हवेत केंद्राचा नकाशा काढला. "मातीवर्ग, वाळवणाची खोली, मग... नाट्यगृह! रंगमंचाची बाजू!"

नाट्यगृहात मोठ्यांच्या नाटकाची तालीम चालू होती. दारातून आत डोकावायचा अवकाश, राजा झालेले दिग्दर्शक गरजले, "मुलांनी आत यायचं नाही! तालीम आहे!"

"आम्हाला फक्त भिंत बघायची आहे!"

"भिंती बाहेरही खूप आहेत! चला!"

मग मुलं साहेबांकडे गेली. कलाकेंद्राचे हे साहेब एका जागी कधी उभे म्हणून राहत नसत. "साहेब, आमचे बेडूक..." "उद्या!" "साहेब, भट्टी परवाच..." "परवा नक्की!" असं म्हणत ते जिन्यावरून नाट्यगृहात गेलेसुद्धा. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, "पडद्यावरचं हे आकाश फार जांभळं झालंय! बदला!"

"यांना आकाश बदलायला वेळ आहे, आपल्यासाठी नाही!" रेडिओचा आवाज चिडून चिरकला.

पण दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मातीवर्ग बंद करून बाई घरी गेल्या, नटमंडळी डबे घेऊन अंगणात बसली आणि चौघं गुपचूप रंगमंचाच्या बाजूच्या दाराने आत शिरली. पोशाखांच्या कपाटामागे ती दबा धरून बसली. कपाटाला परीचे जुने पंख टांगलेले होते. जरा धक्का लागला की त्यातून पांढरी पिसं झडत होती.

"पिसं!" शेपूट कुजबुजली. ढेकूळने तिचं तोंड दाबलं, पण तिचेही डोळे चमकले.

तेवढ्यात पडदेकाका आले. नाटकाचे पडदे तेच रंगवत. जंगलाचा भलामोठा पडदा बाजूला टांगलेला होता आणि त्याचं आकाश ओलं होतं. काकांनी कोपऱ्यातून एक अवाढव्य पंखा ओढत आणला. नाटकातल्या वादळाच्या प्रवेशासाठीचा तो पंखा! त्यांनी कळ दाबली. घर्र्र! पडदा फडफडला, परीचे पंख थरथरले, पिसं उडाली आणि पडद्याच्या कडेकडेने सरळ समोरच्या भिंतीकडे गेली. रंगमंच उंच होता, त्यामुळे पलीकडे छताशी असलेला झरोका इथे अगदी पावलांजवळ होता. पिसं त्या जाळीतून एकामागून एक आत गेली!

काका पंखा तसाच चालू ठेवून डबा खायला निघून गेले. जेवणानंतर ते झाडाखाली आडवे होतात, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं!

"सापडला!" ढेकूळ उठून उभी राहिली. "रोज दुपारी हा पंखा! वारा झरोक्यातून जातो, कागद उडतो आणि बेडकांची एकच बाजू भराभर वाळते!"

चौघं अंगणात पळाली. "काका, तुमच्या पंख्याने आमचे बेडूक तडकतायत!"

"वारा कधी भिंतीतून जातो का?" काका टोपी डोळ्यांवर ओढत म्हणाले. "पळा, झोपू द्या!"

संध्याकाळी बाईंना गाठलं. "भिंतीपलीकडचा पंखा? ढेकूळ, आता काहीही सांगशील का?" बाईंच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. ढेकूळला ते जास्त लागलं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं!

घरी जाताना रेडिओ वाटेतल्या दगडांना लाथा मारत होता. शेवटी स्क्रू म्हणाली, "सांगून पटत नाही ना? मग दाखवू."

"कसं दाखवणार? खोलीला कुलूप, नाट्यगृहाला बंदी!"

"कुलूप आहे तेच बरं आहे," ढेकूळ सावकाश म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीआधी ढेकूळ तडक रंगमंचावर जाऊन उभी राहिली. राजाचं भाषण अर्ध्यावर थांबलं. साहेब पडद्यासमोर हात कमरेवर ठेवून उभे होते, शेजारी पडदेकाका. भट्टीबद्दल विचारायला बाईही तिथेच ताटकळत होत्या.

"साहेब, तुम्ही आमचं ऐकत नाही!" ढेकूळ म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "बाई म्हणतात मी माती मळत नाही. काका म्हणतात पळा. तुम्ही म्हणता उद्या. म्हणून मी पैज लावते! खोलीला कुलूप आहे, किल्ली बाईंच्या पर्समध्ये आहे. त्या खोलीत पाऊल न टाकता मी आत निळी पिसं पाठवून दाखवते! नाही जमलं तर पुन्हा मातीला हात लावणार नाही!"

"ढेकूळ!" बाई दचकल्या.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. गंमत पाहायची म्हटलं की त्यांना वेळच वेळ असे. "आणि जमलं तर?"

"तर भट्टी एक दिवस उशिरा पेटवायची!"

"कबूल!"

शेपूटने पुठ्ठ्याचं खोकं पुढे केलं. परीच्या पंखांतून झडलेली पिसं चौघांनी सकाळी तालमीआधीच झाडून गोळा केली होती आणि काकांच्या डब्यातल्या निळ्या रंगात बुडवून अंगणात वाळवली होती.

"काका, रोजच्यासारखा पंखा लावा," स्क्रू म्हणाली.

"मी कुठे रोज..." काका चाचरले. पण सगळे बघत होते! त्यांनी पंखा लावला. घर्र्र! ढेकूळने मुठी भरभरून पिसं वाऱ्यावर सोडली आणि ती क्षणात दिसेनाशी झाली.

"चला, बाई. आता कुलूप उघडा!"

सगळी वरात वाळवणाच्या खोलीपाशी आली. बाईंनी आधी कुलूप नीट न्याहाळलं, मग किल्ली फिरवली. दार उघडलं. पलीकडचा पंखा अजून चालूच होता. प्लास्टिकचा कागद शिडासारखा फुगला होता. फळीभर निळी पिसं! एका बेडकाला निळ्या मिशा फुटल्या होत्या, दुसऱ्याच्या डोक्यावर तुरा आला होता.

बाई पुढे झाल्या आणि स्टुलावर चढून त्यांनी झरोक्यासमोर हात धरला. वारा सरळ त्यांच्या तळहातावर येत होता.

"कुणी सांगितलं होतं पंखा लावायला?" साहेब काकांवर कडाडले.

"तुम्हीच!" आता काकाही भडकले. "रोज सकाळी आकाश बदलायचं म्हणता, संध्याकाळच्या तालमीला कोरडा पडदा मागता. मी काय फुंकर मारून वाळवू?"

राजा झालेले दिग्दर्शक मिशीतल्या मिशीत हसले. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "आकाश... जसं आहे तसं राहू द्या," ते हळूच म्हणाले. "आणि भट्टी परवा पेटवा."

स्क्रूने पेचकस काढला आणि दहा मिनिटांत झरोक्यावर जाड पुठ्ठा बसवून टाकला. बाईंनी पदर खोचला, मातीचा मोठा गोळा ओट्यावर आपटला आणि स्वतः मळायला लागल्या. "बस इथे," त्या ढेकूळला म्हणाल्या. "मळण्याचं काम माझं. तू घडव."

दोघींनी संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. तरी वेळ थोडाच होता. भट्टीत गेले ते फक्त पाच बेडूक. गायिका आणि बासरीवाला शेवटपर्यंत होऊ शकले नाहीत, आणि त्याची चुटपुट ढेकूळला लागून राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी हटेना. साहेबांनी भाषणात चौघांना पुढे बोलावलं, पाठ थोपटली आणि पुढच्या सुट्टीत मुलांसाठी दोन मातीवर्ग चालतील, असं जाहीर करून टाकलं. मग मांडणीकडे वळून ते म्हणाले, "वा! पण वाद्यवृंदात पाचच कसे? गाणारं कुणीच नाही?"

"होते ना, साहेब!" रेडिओ पटकन म्हणाला. "तुमचं आकाश ठरेपर्यंत त्यांना दम निघाला नाही!"

सगळं दालन हसलं. साहेबही हसले, जरा उशिरा.

गर्दी पांगल्यावर बाईंनी ढेकूळला बाजूला घेतलं. "तू सांगत होतीस तेव्हाच मी झरोक्यापाशी हात धरून बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "एवढंच तर करायचं होतं. चुकलं माझं."

बाईंनी पर्समधून वाळवणाच्या खोलीची किल्ली काढली आणि ढेकूळच्या तळहातावर ठेवली.

"उद्या सकाळी लवकर ये," त्या म्हणाल्या. "दोन बेडूक राहिलेत ना आपले?"