चारपेक्षा जास्त

दीर्घनिद्रेतून उठताना अंग जड वाटतं, हे हेरंब दळवीला ठाऊक होतं. पण आजचं जडपण निराळं होतं. निद्राकोशाच्या काठावर बसून त्याने हात वर केला, तर तो धपकन मांडीवर पडला.

"तुलाही जाणवलं ना?" समोरून कुंदा सातोस्कर म्हणाल्या. 'मृगशीर्ष' यानाच्या त्या प्रमुख. त्याही नुकत्याच उठल्या होत्या. पांढरे केस विस्कटलेले होते आणि हातात गरम पेज होती. "यान स्वतःभोवती पूर्वीपेक्षा जोरात फिरतंय. पृथ्वीवर असतं तेवढं वजन झालंय आपलं."

"वेग वाढवला कोणी?"

"डॉक्टर तुस्कानोंनी. आणि आधी पेज घे, मग पुढचं ऐक. त्यांनी यान परत पृथ्वीकडे वळवलंय."

हेरंब दिशातज्ज्ञ होता. शनीपर्यंतचा मार्ग त्याने स्वतः आखला होता, त्यासाठी उमेदीची दहा वर्षं दिली होती. पेजेचा वाडगा त्याने न पिताच खाली ठेवला.

यानात माणसं चार: कुंदाताई, हेरंब, त्याची बायको शलाका आणि डॉक्टर सायमन तुस्कानो. प्रत्येकाने आळीपाळीने वर्षभर जागायचं, बाकीच्यांनी झोपायचं, अशी योजना होती. पहिली पाळी डॉक्टरांची. पाळी संपवून ते झोपले होते, पण जाताना हे उपद्व्याप करून गेले होते.

"कारण लिहिलं असेल ना?"

"यानमेंदूला विचारलं. तो म्हणतो, नोंद वैद्यकीय आहे, ती फक्त संबंधित रुग्णालाच ऐकवता येईल. रुग्ण कोण, तेही सांगत नाही." कुंदाताईंनी सुस्कारा टाकला. "यान पुरतं परतीच्या मार्गावर यायला इंजिनांचा आणखी एक मोठा जोर लागणार आहे आणि त्याला माझी संमती हवी. उद्यापर्यंत मी ती दिली नाही, तर यान पुन्हा शनीकडे वळेल. म्हणून त्याने आपल्या दोघांना उठवलंय."

"मग डॉक्टरांनाच उठवू."

"वर्षभर जागून नुकतेच झोपलेत. आता घाईने उठवलं तर त्यांचं हृदय थांबेल. शलाकाचा कोश जागृतीला लागलाय, पण फार सावकाश. तीन आठवडे तरी जातील."

दोघं भोजनकक्षात आली आणि दारातच थबकली. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जाड कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. खुर्च्यांनाही, कपाटांनाही. हेरंब-शलाकाच्या खोलीशेजारचं सुट्या भागांचं कोठार रिकामं केलेलं होतं. त्याच्या भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत गाद्या ठोकल्या होत्या.

"डोकं फिरलंय त्यांचं!" हेरंब म्हणाला.

कुंदाताई मात्र हसल्या. "आठवतं, झोपायच्या आधी जेवताना ते आपल्याला काय खेळायला लावायचे?"

न आठवून कसं चालेल! डॉक्टर एखादी विचित्र घटना सांगायचे. माणूस भर उन्हात छत्री मिटतो आणि रडू लागतो, का? मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. डॉक्टर उत्तर फक्त 'हो', 'नाही' नाहीतर 'संबंध नाही' एवढंच देणार. एकदा एका कोड्यावर तिघं आठवडाभर झगडली होती.

"एका माणसाने यान उलटं वळवलं, सगळ्यांचं वजन वाढवलं, टेबलाचे कोपरे गुंडाळले आणि झोपी गेला," कुंदाताई म्हणाल्या. "का?"

"ताई, उत्तर देणारा माणूस झोपलाय."

"झोपला असला तरी देऊ शकेल."

प्रमुख होण्याआधी कुंदाताई मेंदूशास्त्रज्ञ होत्या. डॉक्टरांच्या कोशाशेजारी बसून त्यांनी लहरपटाचा पडदा उघडला.

"दीर्घनिद्रेत मेंदू शब्द जुळवू शकत नाही," त्या सांगू लागल्या. "पण ऐकू येतं आणि ऐकलेलं ओळखता येतं. आपण गर्दीत ओळखीचा चेहरा पाहतो, तेव्हा नाव आठवायच्या आधीच आत काहीतरी हलतं ना? तीच ही ओळखलहर. विधान त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीशी जुळलं की लहर वर उसळते, विरोधात गेलं की खाली बुडते. आणि त्याला माहीतच नसेल तर रेघ सपाट."

"म्हणजे हो, नाही, आणि ठाऊक नाही."

"बरोबर. एक अडचण मात्र आहे. जागा माणूस 'सांगणार नाही' म्हणू शकतो, झोपलेला म्हणू शकत नाही. लहर आपोआप येते. तेव्हा निर्णयाला लागेल तेवढंच विचारायचं. त्यापुढे एक प्रश्न नाही."

हेरंबने मान डोलावली आणि कोशाच्या जाळीजवळ तोंड नेलं. "डॉक्टर, यानात बिघाड झालाय."

लहर बुडाली.

"शनीजवळ काही धोका आहे."

रेघ सपाट.

"पृथ्वीवरून परतायचा आदेश आला."

लहर बुडाली.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे."

लहर अशी उसळली की कुंदाताईंना हसू आवरेना. "नीट विचार रे!"

"हे सगळं एका माणसासाठी केलंत." लहर वर. "कुंदाताईंसाठी." खाली. "माझ्यासाठी." खाली.

पुढचं वाक्य हेरंबच्याने बोलवेना. ते कुंदाताईंनीच उच्चारलं.

"शलाकासाठी."

लहर वर गेली.

हेरंबने कोशाची कड घट्ट धरली. शेजारच्याच कोशात शलाका होती, अपारदर्शक झाकणाखाली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, त्यातली निम्मी या मोहिमेच्या तयारीत गेली होती. शनीच्या कड्या आपण दोघांनी एकाच खिडकीतून बघायच्या, एवढाच तिचा हट्ट होता.

"ती आजारी आहे," तो कसाबसा म्हणाला.

लहर बुडाली.

"तिच्या जिवाला धोका आहे."

पुन्हा बुडाली.

"आजारी नाही, धोका नाही, तरी तिच्यासाठी यान वळवलं? ताई, ही लहर चुकतेय."

"लहर चुकत नाही. आपण काहीतरी गृहीत धरतोय, त्यात चूक आहे. डॉक्टरांच्या प्रत्येक कोड्यात तेच असायचं." कुंदाताईंनी थोडा विचार केला आणि जाळीकडे वाकल्या. "यानात आपण चार माणसं आहोत."

लहर बुडाली.

"चारपेक्षा कमी."

बुडाली.

"चारपेक्षा जास्त."

लहर वर उसळली. हेरंबने चटकन मागे वळून पाहिलं. "कोणी लपून बसलंय? वर्षभर?"

कुंदाताई त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे हळूहळू चमकायला लागले होते. हेरंबला गाद्या ठोकलेली ती खोली दिसली. कमरेइतक्याच उंचीपर्यंत का? मग गुंडाळलेले कोपरे. टेबलाचा कोपरा मोठ्या माणसाच्या डोक्याला कसा लागेल? आणि पृथ्वीइतकं वजन, हाडं बळकट व्हायला. कोणाची हाडं?

"डॉक्टर," तो म्हणाला, "शलाका आई होणार आहे."

लहर पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

हेरंब तिथेच जमिनीवर बसला. हसू की रडू, त्याला कळेना. "पण निघताना तर... आम्हाला काहीच..."

"तेव्हा तपासणीत दिसण्याइतकं काही नसणार. निद्रेत सगळंच मंदावतं, वाढसुद्धा. वर्षभराने डॉक्टरांना ठोका ऐकू आला असेल. आता तिला झोपवून ठेवता येणार नाही, आणि पृथ्वी अजून दीड-दोन वर्षं लांब आहे. मग ते कोणाला सांगणार? आईच्या आधी दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही म्हणून गप्प राहिले, आणि हातांनी जमेल तेवढं करून ठेवलं."

"ताई, आणखी विचारू? केव्हा, कसं..."

"एक अक्षर नाही." कुंदाताईंनी पडदा मिटला. "निर्णयाला हवं ते मिळालं. बाकीचं शलाकाचं आहे, तिने सांगितलं तर ऐकायचं." शनी त्यांचंही स्वप्न होतं, आणि या वयात पुन्हा कोणी त्यांना पाठवणार नव्हतं. "शनीच्या कड्या कुठे पळून जात नाहीत," त्या म्हणाल्या आणि संमतीची कळ दाबायला उठल्या.

इंजिनांचा जोर लागला, यान परतीला लागलं. पुढचे तीन आठवडे हेरंबने उत्साहाने घालवले. पाच माणसांच्या अन्नाचं नियोजन केलं, यंत्रशाळेत एक पाळणा बनवला, त्याला चांगली जाड कडी लावली. कुंदाताई भाजीच्या वाफ्यात पालक वाढवत होत्या.

शलाकाचा कोश उघडला तेव्हा दोघं बाहेर उभी होती. डॉक्टरांचा निरोप तिने आतच ऐकला होता. डोळे ओले होते, चेहरा फुललेला. हेरंबने तिला उचलून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

"मला माहीत आहे!" तो म्हणाला. "आम्ही डॉक्टरांकडून काढून घेतलं, हो-नाही विचारून."

"सगळं?"

"सगळं. तू आई होणार आहेस."

शलाका त्याच्याकडे बघत राहिली, मग ओठ दाबून हसली. "आणखी काही विचारायचंय? हो की नाही, तेवढंच सांगेन."

"मुलगी आहे?"

"हो."

हेरंबने कुंदाताईंना टाळी दिली. "मला वाटलंच होतं! म्हणजे मुलगा नाही."

"चूक," शलाका म्हणाली.

"चूक कशी? मुलगी आहे म्हणालीस."

"आहे."

"आणि मुलगा?"

"तोही आहे."

हेरंबचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या मागे कुंदाताईंनी कपाळावर हात मारला.

"चारपेक्षा जास्त, एवढंच विचारलं रे आपण," त्या म्हणाल्या. "किती जास्त, ते कुठे विचारलं?"