मिरवणुकीतला शेवटचा माणूस

खोटं वाटत असेल तर खुशाल सोडून द्या. पण यात माझा सख्खा भाऊ आहे, आणि त्याच्या नावानं मी थापा मारणार नाही.

गेल्या वर्षीच्या दत्तजयंतीच्या आदल्या दिवशीची दुपार. तिसगावच्या पुढचं, आडबाजूचं एक देऊळ. गावाचं नाव देत नाही.

मी जुन्या वास्तूंचे नकाशे काढते. हर्षल, माझा धाकटा भाऊ, जुनी भित्तिचित्रं साफ करतो. त्या देवळात खांब यादवकाळचे, घुमट निजामशाही धाटणीचा आणि भिंतीवर पेशवाईतली मिरवणूक. आम्ही दोघंही हरखलो.

फक्त मिरवणुकीतल्या शेवटच्या माणसावर चुना फासला होता... थरावर थर.

"दरसाल जत्रंआधी लावतो आमी," झाडलोट करणाऱ्या बनुबाई म्हणाल्या.

"का पण?"

"सासू लावायची. म्हून मी लावते."

हर्षलचं डोकंच फिरलं. चित्रावर चुना दिसला की तो भांडायलाच उठतो. बाईंची पाठ वळताच त्यानं कापूस आणि पातळ सुरी काढली.

मी बाहेर जोत्याचं माप घेत बसले.

आतून खरवडल्याचा आवाज यायचा. खर्र... खर्र... घुमटात घुमून दुप्पट व्हायचा.

मग घुमणं थांबलं. नुसतं खर्र...

मग तेही थांबलं.

"हर्षल?"

माझी हाक घुमून परत आली.

आत गेले. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. चुना निघाला होता. खाली अंगरखा होता, पागोटं होतं...

चेहरा नव्हता. ती जागा कोरीच होती.

"रंगवायचा राहिला असेल," हर्षल म्हणाला.

त्याचा आवाज घुमला नाही.

मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, टाळी वाजव. त्यानं वाजवली... विटेवर वीट आपटावी तशी. माझी टाळी मात्र घुमटभर फिरली.

एवढा चुना खरवडूनही त्याचे हात स्वच्छ होते.

घरी आलो. तो नीट जेवतो, हसतो. फक्त त्यानं दाढी वाढवायला घेतली.

परवा बनुबाईंचा फोन आला.

"ताई, त्या मानसाचं तोंड दिसाय लागलंय."

त्यांच्या सुनेनं फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला... हनुवटीवर व्रण आहे. लहानपणी सायकलवरून पडल्यावर हर्षलला झाला होता, तसाच. आणि तोंड उघडं आहे, हाक मारताना असतं तसं.

घरातल्या हर्षलची हनुवटी दाढीखाली आहे. दाढी काढ म्हणायची मला भीती वाटते.

"जत्रा आलीय," बनुबाई फोनवरच म्हणाल्या. "चुना लावू का न्हाई?"

त्या चित्रात खरंच हर्षल असला तर?

घरातला हर्षल शेजारीच बसून ऐकत होता.

"लावू दे की," तो म्हणाला. "चांगला जाड लावा म्हणावं."

हे माझा भाऊ म्हणाला.

बनुबाईंना मी अजून काहीच कळवलेलं नाही. जत्रा रविवारी आहे.