शेजारची खुर्ची

"माझी पोर उद्या कोर्टात गुन्हा कबूल करणार आहे," बाई दारातूनच म्हणाली, "आणि तिनं तो केलेला नाही."

मावशीने खुर्ची पुढे सरकवली. वीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघात तपासून आता ती खासगी तपास करत असे. सख्खा भाचा एकही नसताना अख्खं कोर्ट तिला मावशी म्हणे. शेजारी वकीलसाहेब बसले होते. मुलीचं वकीलपत्र त्यांच्याकडेच होतं. माणूस सज्जन, कायदा तोंडपाठ, पण समोरची गोष्ट दिसायला त्यांना जरा वेळच लागायचा.

प्रकरण वाईट होतं. मुलगी सतरा वर्षांची, तिथल्या कायद्यानुसार त्या वयात मिळणारं शिकाऊ लायसन्स. शनिवारी सकाळी साडेनऊला उतारावर गाडी लावून ती क्लासला गेली. दहाला रिकामी गाडी घरंगळली आणि खाली पत्रं वाटणारी टपालबाई भिंतीशी चिरडली गेली. तिचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"हँडब्रेक लावायला विसरले, असं लिहून देऊन बसलीय," आई म्हणाली. "अहो, ती घराचं कुलूप तीनदा ओढून बघते! पण तिचे बाबा म्हणतात, कबूल करून मोकळी हो, लहान आहेस, ताकीद देऊन सोडतील."

"कसलं सोडतात!" वकीलसाहेब उसळले. "खटला मोठ्यांच्या कोर्टात चालवा, असा सरकारी अर्ज आलाय. उद्या कबुली दिली तर थेट तुरुंग. बरं, जबाबात खोट काढावी तर तीही नाही. गप्प राहायचा हक्क, वकील मागायचा हक्क, सगळं तिला सांगितलंय. पालक म्हणून वडील शेजारी होते. त्यांची सहीसुद्धा आहे."

"मग वकील का नाही मागितला?"

"हिचे बाबाच म्हणाले, वकील कशाला, आपण काय चोर आहोत?" आईने डोळे पुसले.

मावशीने जबाब दोनदा वाचला. मुलगी आधी म्हणाली होती, 'ब्रेक ओढला होता.' वडील म्हणाले, 'आठव बाळा, घाईत होतीस.' मग मुलगी म्हणाली, 'राहिला असेल.'

"पोलिसांचे फोटो बघायचा हक्क आहे ना आपल्याला?"

"आलेत की. पण गाडी ती गाडी, त्यात काय बघायचं?"

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. फोटोत पुढची चाकं सरळ होती. गिअर न्यूट्रलला होता. हँडब्रेकचा दांडा जेमतेम दोन दात, म्हणजे दोन खटके, वर आलेला दिसत होता.

"म्हणजे ब्रेक ओढला होता!" वकीलसाहेब म्हणाले.

"अर्धवट. मग 'विसरले' कसं?"

मुलगी घरी टेबलापाशी बसली होती. चार दिवसांत तिने धड खाल्लं नव्हतं. तिने पहिलं विचारलं ते, "त्या बाई कशा आहेत?"

"शुद्धीवर आहेत. मला सांग, उतारावर गाडी कशी लावतेस?"

मुलीने पाठ केल्यासारखं सांगितलं, "चाकं फुटपाथकडे वळवायची. रिव्हर्स गिअर टाकायचा. दोन्ही हातांनी ब्रेक ओढायचा. ड्रायव्हिंग स्कूलचे सर तीनदा करून घ्यायचे. शनिवारी मी केलं होतं, असंच वाटतंय. पण बाबा म्हणतात घाईत होते, म्हणजे नसेनच केलं."

"कुठे लावलीस?"

"गोदामाच्या निळ्या फाटकासमोर. बाबा म्हणाले, इथेच लाव, मी आहे. चावी त्यांनाच दिली."

गोदामाचा पहारेकरी आधीच वैतागलेला होता. "ती शिकाऊ पाटीची गाडी ना? पावणेदहाला आमचा ट्रक आला, तर ही मध्ये! ट्रकवाल्याने भोंगा वाजवून कान किटवले. मी कुलपाशी झटत होतो. वळून बघतो तर गाडी पुढे गेलेली."

"कोणी नेली?"

"पाहिलं नाही बाई. मला कुणी विचारलंही नाही."

वडील शहर बसचे चालक. ते डेपोत नुकतेच शिरत होते. अख्खी बस त्यांनी एका झटक्यात रांगेत बसवली, गिअर न्यूट्रलला आणला आणि दोन बोटांनी छोटी दांडी ओढली. फुस्स करून हवा सुटली आणि बस जागच्या जागी थांबली.

"छान हात आहे," मावशी म्हणाली.

"बावीस वर्षं झाली. एक ओरखडा नाही." ते खाली उतरले. "शनिवारी? मी कोपऱ्यावर चहा पीत होतो. गाडीकडे फिरकलोही नाही."

वकीलसाहेब परतताना म्हणाले, "बिचारा फार थकलाय हो." मावशी मुलीच्या क्लासकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सुनावणीआधी अर्धा तास सगळे कोर्टाच्या लहान खोलीत बसले. वडील मुलीच्या शेजारी होते.

"पोरी, गाडी तू नीटच लावली होतीस," मावशी म्हणाली. "चाकं वळवलेली असती तर ती फुटपाथलाच अडली असती. फोटोत ती सरळ आहेत, गिअर न्यूट्रलला आहे. म्हणजे तुझ्यानंतर कोणीतरी गाडी चालवली. पावणेदहाला ती फाटकासमोरून पुढे गेली, तेव्हा तू वर्गात होतीस. हजेरी मी पाहून आले. चावी एकाच माणसाकडे होती."

वकीलसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं.

"तो माणूस रोज बस लावतो. तिथे न्यूट्रल चालतो, कारण हवेचा ब्रेक दोन बोटांनी ओढला तरी पुरतो. ट्रकच्या भोंग्याने गडबडून त्याने गाडी पुढे घेतली आणि रोजच्यासारखीच लावली. पण गाडीचा हँडब्रेक दोन बोटांनी नुसता दोन दात वर येतो. तेवढ्यावर गाडी पाव तास थांबली आणि मग सुटली."

आई नवऱ्याकडे बघत होती.

"माझं लायसन्स गेलं असतं," वडील शेवटी म्हणाले. "घर कशावर चालवायचं? वाटलं, ही अल्पवयीन आहे, हिला काय होणार…"

"पालक शेजारी हवा, कारण मूल घाबरतं," मावशी म्हणाली. "तुम्ही शेजारी बसून तिची आठवणच पुसलीत."

वडिलांनी चेहरा झाकून घेतला. "मी आत्ताच सगळं सांगतो. त्या दिवशी मी…"

"बाबा, थांबा."

मुलीचा आवाज ठाम होता.

"आता काही बोलू नका. आधी तुमचा वकील येऊ दे. तो तुमचा हक्क आहे."

बाहेर पुकारा झाला. वडील उठून बाजूला झाले आणि कोर्टात मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर आई येऊन बसली.