हातोहात

नागपूरच्या राष्ट्रीय चलन प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती ठोंबरे यांनी टेबलावर पर्स ठेवली आणि सकाळीसकाळीच त्यांना घरी जावंसं वाटलं. पर्समध्ये काल संध्याकाळी घेतलेली छत्री होती. घरात अशा आणखी आठ होत्या, आणि बाहेर मे महिना होता.

छत्र्यांना कारण होतं. वैजयंतीबाईंनी देशासाठी 'चल' नावाचं आभासी चलन घडवलं होतं, आणि सबंध खात्यात पूर्ण पगार त्यात घेणाऱ्या त्या एकट्याच. चल आठवडाभर एका हातात पडून राहिलं की त्याचं मूल्य निम्मं होई. त्याआधी हात बदलला तर ते जसंच्या तसं राही आणि नव्या हाताला नवा आठवडा मिळे. पैसा दाबून बसणाऱ्याचा तोटा व्हावा, बाजार हलता राहावा, ही कल्पना. कागदावर ती फार देखणी होती. प्रत्यक्षात मात्र दिवसभर राबलेल्या बाईला रोज संध्याकाळी काहीतरी विकत घेत हिंडावं लागे.

आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. जागतिक विनिमय बाजाराच्या यादीत चल लागलं, तर सरकार नोटांचा छापखाना बंद करणार होतं. नाही लागलं, तर प्रयोगशाळा. बाईंची नऊ वर्षं त्यात गेली होती.

बाजाराचे परीक्षक सबनीस समोर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, फक्त ताजातवाना होता.

"यादीत घ्यायला आमची हरकत नाही," ते म्हणाले, "पण विकायचं तर साठा लागतो. आमच्या तिजोरीत तुमचा साठा आठवड्यात निम्मा होणार. नासणारा माल ठेवू कसा? यंत्राने फिरवत ठेवला तर?"

"यंत्राला हात नाहीत. प्रत्येक व्यवहाराला दोन नाडीमुद्रा लागतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. तळव्यातली नाडी काच वाचते. माणूस जिवंत आहे आणि वेगळा आहे, एवढं चलला कळतं."

"मग दोन माणसं बसवा. याने त्याला द्यायचं, त्याने याला."

"ती हातमिळवणी पहिल्याच वर्षी बंद केली. नवरा-बायको रोज जेवणं झाली की एकमेकांना पगार देत बसायचे. आता एका हातातून सुटलेलं चल दुसऱ्या शंभर हातांतून फिरल्याशिवाय त्या हातात परत येत नाही."

सबनीस खो खो हसले. मग सहज म्हणाले, "मग शंभराहून जास्त माणसं बसवा."

नियम वैजयंतीबाईंचाच होता आणि त्यात हे बसत होतं. वाद घालायला त्राण हवं, ते नव्हतं. "चालेल," त्या म्हणाल्या.

हिंगण्याच्या एका बंद सूतगिरणीत मोठं दालन उभं राहिलं. पाचशे माणसं समोरासमोर बसली, दोन्ही तळवे काचेवर टेकवून. बाजाराचा साठा त्यांच्यातून गोल फिरू लागला. व्यवहारांचा आकडा इतका चढला की सबनीसांनी अहवालात लिहिलं, 'देशाने चल मनापासून स्वीकारले आहे.' गिरणीच्या फाटकासमोर उसाच्या रसाची गाडी होती. तिच्यावर पाटी होती, 'चल चालत नाही.'

चल यादीत लागलं. पहिल्याच दिवशी भाव दुप्पट झाला. मंत्र्यांनी फोनवर अभिनंदन केलं आणि छापखान्याला महिनाअखेरीस टाळं लागेल असं सांगितलं. कितीतरी दिवसांनी बाईंना बरं वाटलं. संत्रा बर्फी घेऊन त्या दालनात गेल्या.

पहिल्या रांगेत कुंदा मेश्राम होत्या. पूर्वी बँकेत रोखपाल, शाखा बंद झाल्यापासून घरी. त्यांचे हात काचेवर, म्हणून बाईंनीच त्यांना बर्फी भरवली.

"मॅडम, नोटा बंद होतेत म्हणे. मंग आमचा पगार?"

"चलमध्ये मिळेल. आता भावही वाढलाय."

"नाही बा, नोटाच द्या. दिवसभर हात काचेवर. बाजार करू कवा? घरी जाईस्तोवर अंगात जीव राहत नाही. पडलं का आठवडाभर, झालं अर्धं."

"इथेच फिरवून घ्या की तुमचंही."

"सबनीस साहेब त्याईच्या मालात मिसळू देत नाहीत. नोटा नाही भेटल्या तं कोणीच येत नाही इथं. रागावू नका, मॅडम."

रागावण्यासारखं काही नव्हतं. नोटा नाहीत तर हात नाहीत, हात नाहीत तर आठवड्यात साठा निम्मा, आणि साठा नाही तर यादीत जागा नाही. ज्या छापखान्याला चल टाळं लावणार होतं, त्याच्याच जिवावर ते उभं होतं. वैजयंतीबाईंना रडू आलं नाही. झोप आली.

त्यांनी तिथूनच मंत्रालयात फोन लावला. "छापखान्यातलं एक यंत्र चालू ठेवा."

"किती दिवस?"

"चल चालेल तोवर."

मग त्यांनी प्रयोगशाळेच्या लेखा विभागात पौनीकरांना फोन केला. "माझा पगार नोटांमध्ये करता येईल का हो?"

"थोडा, मॅडम?"

"सगळा."

"चालेल, मॅडम," पौनीकर म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल अजिबात नव्हतं.